कान दुखतो, पण तपासणीत कान स्वच्छ : कान-नाक-घशाचे विकार ओळखावेत कसे?

निरभ्र (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेले काही आठवडे माझा उजवा कान दुखतो आहे. दुखणे सतत नसते. सकाळी उठल्यावर आणि जेवताना ते अधिक जाणवते, दिवसा कामात असताना विसरायला होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कान तपासला आणि आत मळ नाही, पाणी नाही, पडदाही निरोगी आहे असे सांगितले. कानात काहीच बिघडलेले नसेल, तर कान दुखतो कशाने, हा माझा पहिला प्रश्न आहे.

त्या निमित्ताने वाचायला बसलो आणि गोंधळ वाढला. कानाच्या विकारांविषयी वाचावे तर त्यात नाक येते, नाकाविषयी वाचावे तर दात आणि डोळे येतात, आणि चक्कर येण्याचे मूळही कानात असू शकते असे दिसते. घरात आणखी दोन तक्रारी आहेत. चार वर्षांचा मुलगा हल्ली पाठीमागून हाक मारली तर ओ देत नाही, पण कान दुखत असल्याचे तो कधीच सांगत नाही. वडिलांचे म्हणणे असे की, "आवाज येतो, पण बोललेले कळत नाही."

मला येथे औषधे विचारायची नाहीत. कोणते लक्षण कशाकडे बोट दाखवते, काय थोडे थांबून पाहण्याजोगे असते आणि कशासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, एवढे समजून घ्यायचे आहे.

शंखनाद

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. आपल्याला तपासलेले नसल्यामुळे निदान करणार नाही; परंतु अशी तक्रार समोर आली की आम्ही कोणत्या क्रमाने विचार करतो, ते सांगता येईल.

कानाची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या चेता केवळ कानासाठी राखून ठेवलेल्या नाहीत. मेंदूतून निघणाऱ्या चेतांपैकी पाचवी, सातवी, नववी आणि दहावी, तसेच मानेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या दोन चेता यांच्या लहानलहान शाखा कानापर्यंत पोहोचतात. आणि यांपैकी बहुतेक चेता त्याच वेळी दात, जबड्याचा सांधा, जिभेचे मूळ, टॉन्सिल, घसा आणि स्वरयंत्र यांचीही खबर वर नेत असतात. त्यामुळे दुखणे नेमके कोठून निघाले, याबाबत मेंदूची गल्लत होते. कानात काडी फिरवताना काही जणांना अचानक ठसका लागतो, हा याच जोडणीचा पुरावा आहे, कारण कानाच्या नळीला स्पर्श करणारी दहावी चेता स्वरयंत्रालाही जाते. टॉन्सिल काढल्यानंतर अनेक रुग्ण कान दुखत असल्याची तक्रार घेऊन येतात, तेव्हाही त्यांचे कान पूर्णपणे निरोगी असतात.

म्हणून निरोगी दिसणारा कान दुखत असेल, तर कानाबाहेर शोध सुरू करावा लागतो. चावताना आणि सकाळी वाढणारे दुखणे ऐकले की माझे लक्ष सर्वप्रथम जबड्याच्या सांध्याकडे जाते. कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. तेथे दाबल्यावर दुखत असेल, सांधा कटकट वाजत असेल किंवा तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर संशय बळावतो. झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांना सकाळी दुखणे अधिक का असते, हेही यावरून कळते. त्यानंतर खालच्या मागच्या दाढा, विशेषतः अर्धवट वर आलेली अक्कलदाढ तपासून घ्यावी. कान दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवले की तो थोडा नाराज होतो, पण तेथेच उत्तर सापडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

एक गोष्ट मात्र येथे ठामपणे सांगितली पाहिजे. मध्यमवयीन किंवा वयस्कर व्यक्तीचा एकच कान अनेक आठवडे दुखत असेल, कान निरोगी असेल, आणि सोबत तंबाखू किंवा मद्य यांची सवय, गिळताना अडकल्यासारखे वाटणे, आवाजात बदल किंवा मानेत गाठ यांपैकी काही असेल, तर जिभेचे मूळ आणि घशाचा खालचा भाग दुर्बिणीने पाहिल्याशिवाय त्या कानाला निर्दोष ठरवू नये. तेथील कर्करोगाची पहिली तक्रार कधीकधी केवळ कानदुखी हीच असते.

आता खुद्द कानाकडे वळतो. दुखणे बाहेरच्या नळीचे आहे की पडद्यामागचे, हे पुष्कळदा बोटानेच कळते. छिद्रापुढे जो कूर्चेचा लहानसा उंचवटा असतो तो दाबला किंवा कानाची पाळी हलकेच ओढली आणि कळ उठली, तर विकार बहुधा बाहेरच्या नळीत असतो. प्रौढांमध्ये ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, तर आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो; हाडावरची कातडी इतकी पातळ आणि घट्ट चिकटलेली असते की सुजेला पसरायला जागाच मिळत नाही, आणि म्हणून एवढ्याशा नळीची सूज माणसाला रात्रभर जागे ठेवते. पोहण्यानंतर किंवा कान कोरल्यानंतर हा त्रास अधिक दिसतो. दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल आणि आत ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यासारखा, कधी काळे ठिपके असलेला थर दिसत असेल, तर ती बुरशी असते. मधुमेही वयस्कर व्यक्तीला मात्र थेंब घालूनही न थांबणारी, रात्री वाढणारी तीव्र कानदुखी असेल, तर संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात शिरल्याची शंका घ्यावी लागते. तेथे घरगुती उपायांत वेळ घालवणे परवडत नाही.

पडद्यामागच्या तीव्र संसर्गाचे चित्र वेगळे असते. मुलाला दोन-तीन दिवस पडसे असते, मग ताप चढतो आणि ते रात्री कान धरून रडत उठते. पाळी ओढल्याने दुखणे फारसे वाढत नाही. निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी आणि अर्धपारदर्शक असतो, त्याच्या पुढच्या-खालच्या भागात प्रकाशाचा लहानसा त्रिकोण चमकतो. या संसर्गात तो त्रिकोण नाहीसा होतो आणि पडदा लाल होऊन बाहेरच्या बाजूला फुगतो. कधीकधी तो फुटतो, उशीवर डाग पडतो आणि दुखणे एकाएकी थांबते. दाब गेल्यामुळे मूल शांत झोपते, परंतु याचा अर्थ आजार संपला असा नव्हे. असे छिद्र बहुधा आपोआप भरते. ते भरले की नाही, हे तपासून घ्यायला हवे.

वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाबद्दल मी रुग्णाला प्रथम वासाविषयी विचारतो. पडसे झाले की वाहणारा, भरपूर, चिकट पण दुर्गंधी नसलेला स्राव बहुधा पडद्याच्या मधल्या भागातील छिद्रामुळे असतो. स्राव अगदी थोडा, पण सडका वास येणारा असेल, तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्वचेची पिशवी तयार होऊन ती आत वाढत असण्याची शक्यता असते. ही वाढ आजूबाजूचे हाड पोखरत जाते. गाठ हा शब्द न वापरता समजावायचे, तर ती चुकीच्या जागी वाढलेली कातडीच असते, पण तिला औषधाने आवर घालता येत नाही, शस्त्रक्रियाच लागते. वाहत्या कानासोबत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, गरगरणे, कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे किंवा ताप आणि तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मळाविषयी थोडेच सांगतो. आंघोळ करताना अचानक दडे बसले, तर बहुधा पाण्याने मळ फुगलेला असतो. कापसाच्या काड्या तो बाहेर काढण्याऐवजी आत ठासतात. पडद्याला छिद्र असल्याची शंका असेल, तर पाणी, तेल किंवा कोणतेही थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत.

पारंबी

चार वर्षांच्या मुलाविषयी लिहिते, कारण आमच्या मुलीच्या बाबतीत अगदी हेच घडले होते. ती शाळेत लक्ष देत नाही अशी तक्रार आली आणि आम्हीही तिला हट्टी समजलो. दूरचित्रवाणीचा आवाज ती वाढवून ठेवत असे, पुढ्यात बसून बोलले तर सगळे नीट समजत असे, पण पाठीमागून बोलले की प्रतिसाद नसे. तिचा कान एकदाही दुखला नव्हता, आणि म्हणूनच कानाची शंका आम्हाला आली नाही.

तपासणीत पडद्यामागे चिकट द्रव साचल्याचे आढळले. मधल्या कानातून नाकामागे उघडणारी जी नळी हवेचा दाब सारखा ठेवते, ती लहान मुलांमध्ये आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे पडशानंतर ती बंद राहते आणि द्रवाचा निचरा होत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. कानाच्या तोंडाशी मऊ टोक लावून, आतला दाब बदलत पडदा कितपत हलतो हे एक यंत्र आलेखावर दाखवते. हलत्या पडद्याचा आलेख टेकडीसारखा उंचावतो. आमच्या मुलीचा जवळजवळ सपाट आला होता. तपासणीला काही मिनिटेच लागली आणि ती रडलीही नाही.

असा द्रव बहुतेक मुलांमध्ये तीन महिन्यांच्या आत आपोआप जातो, म्हणून आम्हाला थांबायला सांगितले गेले. तीन महिन्यांनंतरही तो तसाच राहून ऐकणे कमी असेल, किंवा बोलणे मागे पडत असेल, तर पडद्यात अगदी छोटी नळी बसवण्याचा विचार करतात. आपला मुलगा तोंड उघडे ठेवून झोपतो का, घोरतो का, झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबून मग तो दचकल्यासारखा होतो का, हे रात्री नीट पाहावे. तसे असेल, तर नाकामागची ग्रंथी वाढलेली असू शकते, आणि नाक व कान दोहोंच्या तक्रारी तिच्यापाशी येऊन मिळतात.

शंखनाद

पारंबी यांनी नेमके लिहिले आहे. त्यात एवढीच भर घालतो की मुलांमध्ये बहुधा निरुपद्रवी ठरणारा हाच द्रव प्रौढाच्या एकाच कानात काही कारण नसताना साचला आणि टिकून राहिला, तर नाकाच्या मागचा भाग दुर्बिणीने पाहणे आवश्यक असते. नळीचे तोंड तेथे उघडते, आणि तेथली गाठ प्रथम कानाचे दडे म्हणूनच जाणवू शकते.

कंपनलेख

मी श्रवणतपासणीचे काम करते. आपल्या वडिलांचे वाक्य मी कामाच्या ठिकाणी सतत ऐकते. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असल्याने ते ऐकू येत राहतात. पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि शब्दांना शब्दांपासून वेगळे करणारी खूण प्रामुख्याने तीच असते. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही, आणि चार माणसे एकत्र बोलू लागली की अडचण दुप्पट होते. ओरडून बोलल्याने स्वरच अधिक मोठे होतात, व्यंजने नव्हेत. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलणे अधिक उपयोगी पडते. हा बहिरेपणा दोन्ही कानांत जवळपास सारखा असतो आणि वर्षांच्या गतीने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार किंवा साहाय्य लागेल इतका श्रवणदोष जगात सुमारे ४३ कोटी लोकांना आहे. यंत्र लावण्याचा संकोच मात्र अजूनही चष्म्यापेक्षा कितीतरी अधिक आहे, हे मला नेहमी खटकते.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम कमी होणे. माणूस सकाळी उठतो, फोन त्या कानाला लावतो आणि आवाजच येत नाही. सोबत कानात गुणगुण असते, दुखत काही नसते. पडसे किंवा मळ असेल असे समजून लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. मळामुळेही असे होऊ शकते, हे खरे. पण चेतेचा बहिरेपणा असेल, तर स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका लाभाचा संभव अधिक असतो आणि पहिले दोन आठवडे विशेष मोलाचे असतात. म्हणून ही तक्रार तातडीची समजावी.

दोहोंतला फरक डॉक्टर ज्या साध्या साधनाने ओळखतात ते म्हणजे ५१२ हर्ट्झचा नादकाटा. तो वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवतात आणि आवाज कोणत्या बाजूला येतो ते विचारतात. यामागचे तत्त्व स्वतः अनुभवायचे असेल, तर एका कानात बोट घालून तोंड मिटून गुणगुणून पाहावे. आवाज बंद केलेल्या कानात मोठा येतो. मळ, द्रव किंवा पडद्याचे छिद्र यांमुळे वाट अडलेली असेल, तर नादकाट्याचा आवाजही असाच खराब कानाकडे झुकतो. चेता दुबळी झाली असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. बोटाचा प्रयोग तत्त्व कळण्यापुरता आहे, त्यावरून घरी निदान करू नये.

चक्कर हा शब्द लोक डोळ्यांपुढे अंधारी येण्यापासून तोल जाण्यापर्यंत सगळ्यासाठी वापरतात. कानाची चक्कर बहुधा आजूबाजूचे सर्व फिरल्यासारखी असते आणि ती किती वेळ टिकली, यावरून पुष्कळ काही कळते. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना येऊन मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर बहुधा आतल्या कानातील सूक्ष्म खडे जागेवरून सरकल्यामुळे येते. ती मान आणि शरीर विशिष्ट क्रमाने वळवून घालवता येते, त्याला गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारी, सोबत एका कानात दडे, गुणगुण आणि कमी-जास्त होणारा बहिरेपणा असणारी चक्कर म्हणजे मेनियेचा आजार असू शकतो. फ्रेंच वैद्य प्रॉस्पेर मेनिये यांनी १८६१ मध्ये अशी चक्कर मेंदूतून नव्हे तर आतल्या कानातून उद्भवते असे मांडले, त्याआधी ती मेंदूच्या झटक्यात गणली जात असे. ऐकणे शाबूत असताना एक-दोन दिवस अखंड गरगरत राहणे हे तोलाच्या चेतेच्या सुजेचे लक्षण असते. मात्र गरगरण्यासोबत एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा उभेच राहता न येणे असेल, तर कानाचा विचार बाजूला ठेवून मेंदूच्या आघातासाठी धाव घ्यावी.

निरभ्र

सर्वांचे आभार. जबड्यापुढे बोट ठेवून पाहिले. दाबल्यावर दुखते आणि सांधा वाजतोही, तेव्हा दंतवैद्यांची वेळ घेतली आहे. आता नाकाविषयी विचारतो. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला आणि प्रतिजैविक घ्यावे लागेल, हे खरे आहे का? आणि कपाळ दुखले की सायनसच समजावे का?

शंखनाद

रंगावरून जिवाणू ठरत नाहीत. संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये हिरवट रंगाचे एक विकर असते, त्यामुळे साध्या विषाणूजन्य पडशातही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो. रंगापेक्षा दिवस मोजावेत. साधे पडसे सात ते दहा दिवसांत ओसरते. दहा दिवसांनंतरही सुधारणा नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप, गालाचे दुखणे आणि घट्ट स्राव यांनी उचल खाल्ली, तर जिवाणूजन्य सायनसचा विचार करावा. बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा त्रास जुनाट समजला जातो आणि त्याचे उपचारही निराळे असतात.

कपाळदुखीबाबत बोलायचे, तर सायनसचे म्हणून येणाऱ्या अनेक रुग्णांना प्रत्यक्षात अर्धशिशी असते. मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे, तासांच्या हिशेबाने येणारे-जाणारे ठणके, आणि नाकातून घट्ट स्राव मुळीच नसणे, या गोष्टी अर्धशिशीकडे झुकतात. अर्धशिशीत नाकातून थोडे पाणी येऊ शकते, म्हणून गल्लत होते. लहान मुलांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे कपाळातील सायनस जन्मतः नसतात आणि वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षांच्या सुमारास आकार घेऊ लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या कपाळदुखीला सायनस हे उत्तर जवळजवळ कधीच नसते.

ॲलर्जी ओळखणे तुलनेने सोपे असते. लागोपाठ शिंका, नाकाला व डोळ्यांना खाज, पाण्यासारखा पातळ स्राव आणि ताप मुळीच नाही, असे चित्र ठरावीक ऋतूत किंवा धुळीत वारंवार दिसते. मुले तळहाताने नाकाचे टोक वर ढकलत राहतात आणि काहींच्या नाकावर त्यामुळे आडवी रेघही उमटते. खाज ही पडशाची खूण नव्हे, ॲलर्जीची आहे.

एक बाजू आणि दोन बाजू हा फरक नाकात फार महत्त्वाचा असतो. दोन्ही बाजूंनी नाक बंद, वास जवळजवळ गेलेला आणि आत फिकट द्राक्षांसारखे, स्पर्श केला तरी न दुखणारे कोंब दिसत असतील, तर ते बहुधा पॉलिप असतात. तसाच कोंब एकाच बाजूला असेल, रक्त येत असेल, तर त्याचा तुकडा तपासल्याशिवाय त्याला पॉलिप म्हणू नये. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे म्हणजे, सिद्ध होईपर्यंत, आत अडकलेला मणी किंवा स्पंज. आणि अडकलेली वस्तू बटणासारखी बॅटरी असल्याची किंचितही शंका असेल, तर तास मोजत न बसता निघावे, कारण ती दोन तासांतही ऊती जाळू शकते. प्रौढांमध्ये एका बाजूचा सडका स्राव वरच्या दाढेच्या मुळातून गालाच्या सायनसमध्ये उतरलेल्या संसर्गामुळे असू शकतो, म्हणजे पुन्हा दंतवैद्यच. वाकल्यावर एका नाकपुडीतून नितळ पाणी टपकणे, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर, हे मेंदूभोवतीचे द्रव असू शकते. साखर अनियंत्रित असलेल्या मधुमेही व्यक्तीला गाल बधिर होणे, डोळ्याभोवती सूज आणि नाकात काळी खपली दिसली, तर ती प्राणघातक बुरशी असू शकते आणि त्यात एक रात्रही घालवू नये.

नाक मोकळे करणाऱ्या थेंबांविषयीही सांगणे भाग आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब काही मिनिटांत आराम देतात, आणि म्हणूनच ते सुटत नाहीत. सलग पाच-सात दिवसांहून अधिक वापरल्यास थेंबांचा परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षा घट्ट बंद होते आणि मग थेंबच आजाराचे कारण बनतात. ॲलर्जीसाठी दिलेले स्टेरॉइडचे फवारे या जातीचे नव्हेत; त्यांचा परिणाम सावकाश दिसतो आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घकाळ वापरता येतात.

घोळणा फुटल्यास डोके मागे टाकू नये, रक्त घशात उतरते. पुढे झुकून, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट धरून, मध्ये सोडून न पाहता दहा ते पंधरा मिनिटे तोंडाने श्वास घ्यावा. बहुतेक वेळा रक्त नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून येत असते आणि एवढ्याने थांबते. वरचे हाड दाबून उपयोग नसतो. एवढे करूनही न थांबल्यास, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, रुग्णालयात जावे.

खडूफळा

मी शिक्षिका आहे. सकाळी ठीक असलेला आवाज शेवटच्या तासापर्यंत घोगरा होत असे आणि सुटीत सुधारत असे. दुर्बिणीतून पडद्यावर मला माझ्याच स्वररज्जू दाखवण्यात आल्या. पांढऱ्या दोन पट्ट्या, आणि दोहोंवर समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तेथे, घट्ट्यासारखे दोन लहान उंचवटे होते. शस्त्रक्रिया लागली नाही, वाणीउपचार पुरेसे ठरले. ज्या माणसाने १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने स्वतःच्या हलत्या स्वररज्जू पाहिल्या, तो मान्युएल गार्सिया डॉक्टर नव्हता, गायन शिकवणारा होता, हे मला नंतर कळले आणि गंमत वाटली. माझा प्रश्न असा की, आवाज बसला की कितपत थांबावे?

शंखनाद

पडशानंतर बसलेला आवाज एक-दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर स्वररज्जू पाहिल्याच पाहिजेत, आणि धूम्रपान करणाऱ्याने तितकेही थांबू नये. स्वररज्जूवरचा कर्करोग अगदी लहान असतानाच आवाज बदलतो, त्यामुळे वेळीच पाहिल्यास तो पूर्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. आपल्यासारखा दिवसाच्या वापराने वाढणारा आणि विश्रांतीने कमी होणारा घोगरेपणा निराळा. कमी-जास्त न होता सतत वाढत जाणारा अधिक काळजीचा. सारखा घसा खाकरावासा वाटणे आणि आवंढा गिळताना गोळा असल्यासारखे वाटणे, पण अन्न सहज उतरणे, हे अनेकदा घशापर्यंत येणाऱ्या आम्लामुळे किंवा ताणामुळे असते. अन्न खरोखरच अडकत असेल, तर गोष्ट वेगळी.

घसादुखी बहुधा विषाणूंमुळे होते. खोकला, नाक गळणे आणि बसलेला आवाज सोबत असतील, तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असण्याचा संभव कमी. ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखणाऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव असे चारही एकत्र असतील, तर तो वाढतो. तेव्हा चाचणी करून प्रतिजैविक ठरवणे योग्य, कारण या जिवाणूंवर उपचार न झाल्यास संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. पांढऱ्या ठिपक्यांऐवजी राखाडी, पुसायला गेल्यास रक्त येणारा पापुद्रा आणि सुजलेली मान दिसली, विशेषतः लस न घेतलेल्या मुलात, तर घटसर्पाची शंका घेऊन तातडीने दाखवावे.

एका बाजूला दुखणे वाढत जाणे, तोंड नीट न उघडणे, तोंडात काही गरम धरल्यासारखे बोलणे आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला सरकणे, ही टॉन्सिलमागे पू झाल्याची खूण आहे. तो काढावा लागतो. मूल पुढे झुकून बसले आहे, लाळ गळते आहे, श्वास आत घेताना आवाज येतो आहे आणि ताप चढला आहे, असे दिसले, तर चमचा घालून घसा पाहण्याचा मोह आवरावा, त्याला आडवे करू नये आणि बसलेल्या स्थितीतच रुग्णालयात न्यावे, कारण श्वासनलिकेवरचे सुजलेले झाकण स्पर्शानेही वाट पूर्ण बंद करू शकते.

खडूफळा

धन्यवाद. आवाज बसलेला असताना वर्गात कुजबुजत बोललेले चालेल का?

कंपनलेख

कुजबुजण्याने आराम मिळतो असे वाटते, पण अनेक जणांत त्यासाठी स्वरयंत्राच्या वरचे स्नायू उलट अधिक आवळले जातात. हळू आणि नेहमीच्या पट्टीत, थोडके बोलावे. शक्य असेल तेथे मुळीच बोलू नये. वर्ग मोठा असेल, तर ध्वनिवर्धक मागून घ्यावा, त्यात कमीपणा नाही.